हळदीचा लेप

आमच्या घरात मार लागलेल्या माणसाला आधी आंघोळ घालायची. पोरगं झाडावरून पडलेलं असो की कुणाला बैलाने लाथाडलेलं असो. गरम पाणी, मग हळद-तेल, मग पोटात काहीतरी ऊन ऊन. मायचा हात या कामात फार चांगला होता. त्याच चांगल्या हाताने माझ्या बहिणीचं वाटोळं होता होता राहिलं, असं मी म्हणते तेव्हा नातेवाइकांना राग येतो. येऊ दे.

माझी मोठी बहीण, तिला मी बाई म्हणायची, वरठीला दिली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ती माहेरी, अड्याळला आली ती नवऱ्याचा मार खाऊन. पाठीवर पट्ट्याचे वळ, डोळा सुजलेला. मायने दार लावून घेतलं आणि आठ दिवस तिला शेकलं, लेप लावले, वेणीफणी केली. अशा अवतारात पोरीला चार लोकांपुढे कसं न्यायचं, हे तिचं म्हणणं. नवव्या दिवशी घरात बैठक बसली. जावई हात जोडून म्हणाला, मी मारलं असेल तर खुणा दाखवा. दाखवणार काय, कपाळ? बाईचा चेहरा हळदीने उजळून निघाला होता. आमचे एक काका तर हसून म्हणाले, पोरगी नवरीसारखी दिसते. बाबांनी साडी-चोळी करून तिला परत धाडलं. मी चिडून दोन वेळा जेवले नाही. त्याने कुणाचं काय अडलं?

मी तेव्हा रोज एसटीने भंडाऱ्याला टायपिंग शिकायला जात होते. शेजारच्या खोलीत एक वकीलबाई बसायच्या. एकदा त्यांचे कागद टाइप करून देताना मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, पोटगीचा कायदा आधीपासून आहेच, पण आता नवं कलम आलंय; नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केला तर तो गुन्हा धरतात. मग त्यांनी विचारलं, "दवाखान्याचा दाखला कुठे आहे?"

मी सांगितलं, आम्ही हळद लावली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वरठीकडचं कुणी दिसलं की मी थांबवून बाईची खबर विचारायची. आणि सांगायची लाज वाटते, पण बाईने यावं असंही वाटायचं, अंगावरच्या खुणा ताज्या असताना यावं.

ती आली. सकाळच्या गाडीने, ओठ फाटलेला, पोलक्यावर रक्त. मी न्हाणीपाशी पोचले तोवर मायने तिला पाटावर बसवून चुलीवरचं पाणी उतरवलंही होतं. मी मायच्या हातातला पाण्याचा गडवा ओढून घेतला.

"पाण्याले हात नोको लावू, माय. अशीच भंडाऱ्याले नेतो तिले."

"तोंड त धुवू दे तिचं. लोकं पाहून राहतील."

"पाहू दे."

माय मला नाही नाही ते बोलली. दगडाच्या काळजाची म्हणाली. पण लुगडं सावरून, ओला टॉवेल पिशवीत घालून आमच्यामागे निघालीही. एसटीत सगळे वळून वळून बघत होते. बाई खिडकीबाहेर बघत होती आणि मी उगाचच उठत होते, बसत होते. पोलीस ठाण्यात आम्हाला समजूत घालून घरी पाठवायचं चाललं होतं. मी तोंडाचा पट्टा सोडला तेव्हा कुठे दवाखान्यासाठी चिठ्ठी मिळाली. दवाखान्यात रांग. बाईच्या ओठावर माशी बसायची, माय टॉवेल उचलायची, मी तिचं मनगट धरायची. असं किती वेळा झालं असेल! बाई मात्र हूं की चूं करत नव्हती. मला वाटलं, शहाणी आहे, तिला समजतंय.

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं. एकेक जखम बघून लिहून काढली. दाखला झाला, तक्रार झाली. बाई पुन्हा वरठीला गेली नाही, पुढे पोटगीही मिळाली. हे सगळं माझ्यामुळे झालं असं सगळे म्हणतात, मीही पुष्कळ वर्षं तसंच सांगत होते.

पण त्या दिवशी दाखला हातात घेऊन आम्ही दवाखान्याच्या आवारातल्या नळापाशी आलो. टॉवेल केव्हाच वाळून गेला होता, माय तो परत भिजवत होती. मी कागद वाचत होते. बाई नळासमोर उभी राहिली, पाण्याकडे हात नेला आणि मध्येच थांबली. मग माझ्याकडे बघून, वरठीला तीन वर्षं ज्या आवाजात बोलत असेल त्या आवाजात तिने विचारलं, "आता धुवू का मी तोंड?"