अळणी प्रीतिभोजन

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, महाडातल्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीने यंदा जवळजवळ अख्खा उन्हाळा रविवारचे जेवण बिनमिठाचे घेतले. पाळकांसह. कोंबडीसुद्धा.

आमच्याकडे उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. सगळे डबे चटईवर एकत्र येतात. आपला डबा आपण उघडायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा, असा रिवाज. निरनिराळ्या जातींतून आलेली माणसं आम्ही. कोण कोणाच्या हातचं खातं, याला आमच्यात फार मोल. आणि एका रविवारी नाते गावाहून येणाऱ्या निवृत्त नर्सबाई, आमच्या सिस्टर, कोपऱ्यात बसून स्वतःचाच डबा खाऊ लागल्या.

तुडील गावच्या मावशींनी ते पाहिलं. मावशींचा आवाज सावित्री नदीपार जातो.

"का गो, आमच्या हातचं चालत नाय तुला?"

सिस्टर डबा मिटून उठल्या, त्या परत आल्याच नाहीत. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं.

तेव्हापासून मावशी दर शनिवारी दोन एसट्या बदलून, अळणी भाजी घेऊन सिस्टरच्या दारात.

"चुकलं माझं गो. उद्या ये."

"माफ केलं मावशी. पण यायचं नाही मला. सगळ्यांदेखत बोललात."

मी एकदा म्हटलं, "मावशी, पुरे आता."

"तुझं पुरं झालं असंल, माझं नाय. आपल्यातलं माणूस हाय ती."

मग त्यांनी फर्मानच काढलं: सिस्टर येईपर्यंत कोणाच्याच डब्यात मीठ नको. "आली नि परत एकटीच कोपऱ्यात बसली तर?"

पाळकांनी प्रीतीत टिकून राहण्यावर सुरेख उपदेश केला, मग मावशींच्या कोंबडीचा पहिला घास घेऊन बराच वेळ डोळे मिटून बसले. मी हौशी रंगभूमीवर राजे, खुनी, सासरे सगळे रंगवलेत; पण त्या घासाला "वा, मावशी!" म्हणण्याइतकी अवघड भूमिका दुसरी नाही. आणि तरी सांगतो, ती बाई मला आमच्या सगळ्या उपदेशांहून मोठी वाटत होती.

महाडात इतकी माणसं अळणी जेवतात ही बातमी नाते गावात पोचायला कितीसा वेळ! मे सरता सरता एका रविवारी पाळक प्रार्थना करत होते, आम्ही माना खाली घालून. दाराशी चपला वाजल्या. हातात डबा घेऊन सिस्टर उंबऱ्यावर उभ्या.

पाळक अजून "हे स्वर्गीय पित्या" पाशीच होते, तोच मावशी ओरडल्या,

"देवा, जरा थांब रे, आमची शिष्टर आली!"