एनिडच्या मानेवरचा वारा

बर्नर्ड ओल्डरॉइडने एक्केचाळीस वर्षं इंग्लंडातल्या कीथली गावात घर गरम ठेवणारे गॅसचे बॉयलर घरोघर जाऊन दुरुस्त केले, आणि त्यातला निम्मा वेळ म्हाताऱ्या बायकांना रागावण्यात घालवला. थंडी वाजते म्हणून या बायका भिंतीतली हवेची जाळी बुजवून टाकत. कुणी तिच्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबायची, कुणी पायमोजे. एकीने नवऱ्याची टोपी कोंबली होती आणि नवरा सहा महिने ती टोपी शोधत होता. बर्नर्ड ते सगळं चिमट्याने बाहेर ओढून बाईच्या समोर धरायचा आणि मग त्याचं भाषण सुरू व्हायचं. बॉयलर खोलीतली हवा घेतो. जाळी बुजवली की धूर चिमणीतून वर न जाता उलटा खोलीत येतो. त्या विषारी हवेला ना रंग ना वास, झोपलेलं माणूस उठत नाही. हे भाषण अर्ध्या गावाला पाठ होतं.

सगळ्यात जास्त वेळा ते ऐकलं असेल त्याच्या बायकोने. त्यांच्या समोरच्या खोलीत शेकोटीमागे जुना बॉयलर होता आणि बाहेरच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, वीतभर जाळी. तिच्यातून बाराही महिने वारा यायचा. एनिड त्याला "तुझं ते भोक" म्हणायची. साऱ्या गावाचे बॉयलर नीट करणाऱ्याच्या घरात मी शाल पांघरून बसते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बर्नर्ड हसायचा, पण त्या जाळीत त्याने तिला साधा बोळासुद्धा घालू दिला नाही. कपाटसुद्धा तिच्यापासून हातभर लांब ठेवलं होतं.

आता तो एकोणऐंशीचा होता. गॅसच्या कामाच्या नोंदणीचं कार्ड दहा वर्षांपूर्वी संपलं होतं, म्हणजे कायद्याने त्याला स्वतःच्या बॉयलरलाही हात लावायची परवानगी नव्हती. जानेवारीत एनिड मागच्या पायरीवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि सहा आठवडे हॉस्पिटलात पडून राहिली. जिना चढणं आता तिला जमणार नव्हतं. म्हणून त्यांच्या ओळीतल्या घरांतून नेहमी करतात तेच बर्नर्डने केलं. सोमवारी दोन शेजारी बोलावून पलंग वरून खाली समोरच्या खोलीत आणला आणि कपाट बाहेर काढलं. गुरुवारी दोन वाजता हॉस्पिटलची बाई घर बघायला येणार होती. घर उबदार असेल तर एनिड शुक्रवारी घरी, नसेल तर दरीपलीकडच्या वृद्धाश्रमात, "थोडे दिवस". शेजारचा सिरिल असाच थोडे दिवसांसाठी तिकडे गेला होता. त्याचं घर गेल्या एप्रिलमध्ये विकलं गेलं.

त्या सोमवारीच एनिडचा वॉर्डातून फोन आला. पलंग कुठे लावलास, हे तिने विचारलं आणि तिच्या लगेच ध्यानात आलं. डोकं बाहेरच्या भिंतीशी येणार म्हणजे रात्रभर मानेवर वारा, असं ती म्हणाली. मग रडायलाच लागली. एनिड सहसा रडणारी बाई नव्हे. बर्नर्डने फोन ठेवला. त्याने तिच्या आईने शिवलेली मोठी गोधडी काढली आणि पलंगाच्या डोक्यामागे भिंतीवर खिळ्यांनी ठोकून टाकली, छतापासून थेट जमिनीपर्यंत. हात लावून पाहिला. वारा बंद झाला होता. वारा बंद केला, असं त्याने एनिडला फोन करून सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोची एक तक्रार आपण मिटवली, या आनंदात तो झोपला.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. बर्नर्डच्या नाही आलं. जाळी त्याला माहीत नव्हती असं नाही, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात एनिडशिवाय कशालाही जागा नव्हती.

मंगळवारी सकाळी बॉयलर तासभर चालला आणि बंद पडला. पुन्हा चालू करायचं लाल बटण दाबलं, चालू झाला. दुपारी पुन्हा बंद. बर्नर्डने पिशवी काढली आणि शेकोटीसमोर बसकण मारली. आतली सतत जळणारी छोटी ज्योत पाहिली, ती निळी आणि नीट होती. पंप फिरत होता. तापमानाचा खटका काढून पुसून लावला. रस्त्यापलीकडे जाऊन दुर्बिणीतून चिमणीचं तोंड पाहिलं, कावळ्यांनी घरटं बांधलेलं नव्हतं. मग चिमणी ओढते का हे बघायची धुराची काडी पेटवून बॉयलरच्या वर धरली. धूर सरळ वर गेला. ही चाचणी दारं-खिडक्या लावून करायची असते, हे त्याने कित्येक शिकाऊंना दटावून सांगितलं होतं. पण गुडघ्यांमुळे खाली बसताना त्याने दाराला धरलं होतं, आणि दार सताड उघडंच राहिलं होतं, हवा तिथून येत होती.

असाच बुधवार गेला. तो येरझाऱ्या घालत असे, दार उघडं असे, तोवर बॉयलर चालायचा. ऊब राहावी म्हणून दार लावून खुर्चीत बसला की थोड्या वेळाने बंद. बटण दाबायचं, वाट पाहायची, पुन्हा दाबायचं. त्याचं डोकं ठणकत होतं. काळजीने दुखतंय असं समजून त्याने चहाबरोबर गोळी घेतली. खरी भीती वेगळीच होती. इतकी वर्षं लोकांच्या घरी पाच मिनिटांत दोष सापडायचा आणि आज स्वतःच्या घरी दोन दिवस सापडत नाही, म्हणजे डोकं चाललं की काय आपलं? आणि हे हॉस्पिटलच्या बाईला कळलं तर ती एनिडला अशा माणसाच्या भरवशावर कशाला सोडेल?

गुरुवारी सकाळी अकराला बॉयलर पुन्हा बंद पडला तेव्हा खोलीत चौदा अंश होते. बर्नर्डने मनाशी ठरवलं की दोष सुरक्षेच्या खटक्यातच आहे. धूर उलटा आला की हा खटका तापतो आणि बॉयलर बंद करतो. जुने खटके उगाच पडतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. नवा सोमवारशिवाय मिळणार नव्हता. तोवर वायरचा एक तुकडा लावून खटक्याला वळसा घालता येतो. त्याने बोटभर वायर कापली आणि दोन्ही टोकं सोलली. हे काम त्याने जन्मात केलं नव्हतं. हाताखाली शिकणाऱ्या जेनीन शॅकल्टन नावाच्या मुलीला त्याने याच कामासाठी, तेही फक्त "लावू का?" असं विचारलं म्हणून, आठवडाभर घरी बसवलं होतं. जेनीन आता पन्नाशीची होती आणि तिचं स्वतःचं बॉयलर दुरुस्तीचं दुकान होतं.

तो खटक्याचा स्क्रू काढायला लागला. स्क्रू पडला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. स्वतःला शिव्या घालत तो पोटावर आडवा झाला आणि हात लांब करून चाचपायला लागला. बोटांना गोधडीची कड लागली. कड जरा हलली आणि मागून थंड हवेचा झोत सरळ त्याच्या मनगटावर आला.

बर्नर्ड तसाच पडून राहिला. किती वेळ, ते त्याला पुढे सांगता आलं नाही. मग उठून त्याने गोधडी खिळ्यांसकट उपटली. खिडकी उघडली. वायरचा तुकडा हातातच होता, तो स्वेटरच्या खिशात टाकला. पलंगाखालचा स्क्रू शोधून जागच्या जागी बसवला, बटण दाबलं, खिडकी-दार लावून बाहेर थंड जिन्यात जाऊन बसला आणि हुंदके देऊन रडला. हा तुकडा लावला असता तर उद्या रात्री एनिड त्या पलंगावर झोपली असती, आणि तिच्याशेजारच्या खुर्चीत तो.

दोन वाजता हॉस्पिटलची बाई आली. बॉयलर न थांबता चालला होता, खोली वीस अंश. बाईने पलंगाची उंची मोजली, संडासातला दांडा ओढून पाहिला, खोली छान उबदार ठेवलीत म्हणाली आणि कागद काढले. शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात तसा तिने मान वर न करता विचारला. घर गरम ठेवण्यात काही अडचण?

"नाही" एवढं म्हटलं की एनिड उद्या घरी होती. कुणाला काही कळणार नव्हतं. बर्नर्डने खिशात हात घातला, वायर बोटांना टोचली.

"सही करू नका," तो म्हणाला. "मी जाळी बुजवली होती. तीन दिवस."

त्याने सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हती, पण नियम नियम होता. नोंदणी असलेल्या माणसाचा दाखला येईपर्यंत एनिड येणार नाही, असं तिने लिहिलं आणि पुढच्या बुधवारची तारीख घातली, तीही पेन्सिलीने.

जेनीन शनिवारी आली. तिने दार लावलं, खिडकी लावली आणि धुराची काडी धरली. धूर वर गेला. चिमणी तपासली, खटका तपासला, भिंतीवर विषारी हवेची सूचना देणारा भोंगा लावला. बर्नर्ड खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता. काम संपल्यावर त्याने वायरचा तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला.

जेनीनने त्याची सोललेली टोकं पाहिली. "बटण किती वेळा दाबलंत, बर्नर्ड?"

"अकरा."

"मी तीनदा दाबलं होतं तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होता, आठवतंय?"

"आठवतंय, पोरी. दोनदा दाबतो तो गॅसफिटर. तिसऱ्यांदा दाबतो त्याला घरी पाठवावं."

जेनीनने तुकडा आपल्या खिशात टाकला आणि दाखला लिहायला बसली. लिहून झाल्यावर तिने त्याची हत्यारांची पिशवी उचलून आपल्या पिशवीशेजारी ठेवली. बर्नर्डने ते पाहिलं आणि तिला चहा विचारला.

एनिड बुधवारी आली. दोन माणसांनी तिला खुर्चीतून आत आणलं आणि पलंगावर निजवलं. गोधडी आता पलंगावर होती, तिच्या अंगावर. ती सहा आठवड्यांत निम्मी झाली होती. तिने छताकडे पाहिलं, शेकोटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या नव्या भोंग्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले. बर्नर्डला वाटलं, झोपली.

"बर्नर्ड," ती डोळे न उघडता म्हणाली, "मानेवर वारा येतोय. तू तर म्हणाला होतास, बंद केलास."

"येतोय ना?" बर्नर्ड म्हणाला. त्याने तिची लोकरी शाल तिच्या मानेभोवती नीट गुंडाळली, टोक आत खोचलं आणि हात तिथेच ठेवला. वारा त्याच्याही बोटांना लागत होता.

"तुझं ते भोक," एनिड म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "येऊ दे."