ओढ्यापलीकडचं मतदान

पोलीस फुटक्या काचेतून हात आत घालून ओरडत होता आणि लोरीनबाई त्याला हात देईना. गाडीत पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं. मागच्या सीटवर माझ्याही. पुढे स्टिअरिंगपाशी माझी मुलगी सुनंदा बसली होती, तिचे दात वाजत होते. गाडी ओढ्यात एका झाडाला अडकून तिरकी झाली होती. ते झाड तिला किती वेळ धरून ठेवणार, देव जाणे.

"मिस लोरीन, प्लीज! हात द्या त्याला!" सुनंदा किंचाळली.

लोरीनबाई ऐंशीची. दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून ती त्या पोलिसाच्या बिल्ल्याकडे बघत होती. अंथरुणात साप दिसल्यावर माणूस जसं बघतं, तशी.

ही वेळ कशी आली ते सांगते.

मी जतजवळच्या एका खेड्यातली. शाळा चौथीपर्यंत. २००८ साली मुलीकडे टेक्सासात प्लेनो गावी सहा महिने राहायला गेले होते. गाव म्हणतात, पण रस्त्यावर माणूस दिसत नाही. घरं मोठाली, रस्ते त्याहून मोठे, आणि जो तो गाडीत. चालत निघालं की लोक गाडी हळू करून बघतात, म्हातारी हरवली की काय म्हणून.

लोरीनबाई शेजारच्या घरात लेकीकडे राहायची. काळी, उंच, गुडघे गेलेली. जन्मभर दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरी धुतलेली. दुपारी ती तिच्या पायरीवर बसायची, मी माझ्या. मग एक दिवस मी शेंगा सोलायला तिच्याच पायरीवर जाऊन बसले. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी. त्यामुळे आमचं भांडण कधी झालं नाही.

मार्चमध्ये तिथे पक्षाची निवडणूक होती. आधी पक्षातले उमेदवार लोक मत देऊन ठरवतात, खरी निवडणूक नोव्हेंबरात. लोरीनबाईचं मत अजून तिच्या जन्मगावी होतं, पूर्वेकडे तीन तासांवर. गुलामी संपल्यावर सुटलेल्या लोकांनी जमीन घेऊन वसवलेलं ते गाव. मतदान तिथल्या चर्चमध्ये. आता तिथे मोजकी घरं उरलीत. मत द्यायला कोणी येत नाही म्हणून केंद्र बंद करायची भाषा जिल्ह्याने सुरू केली होती. मोतीबिंदूमुळे लोरीनबाईचं गाडी चालवणं बंद झालेलं, लेकीला कामावरून सुट्टी नाही. तिने सुनंदाला विचारलं. सुनंदा हो म्हणाली.

जावई प्रशांतराव पुण्याचे. ते आदल्या दिवशी म्हणाले, "नंदा, आपलं ग्रीन कार्ड (तिथे कायमचं राहायचा परवाना) प्रोसेसमध्ये आहे. इलेक्शनच्या भानगडीत कशाला पडतेस यार?"

"मी फक्त ड्राइव्ह करणारे. आत पण जाणार नाही."

"आणि पोलिसांनी अडवलं तर? आईंचा पासपोर्ट बरोबर ठेव. तुझे पेपर्सपण."

"ठेवते रे बाबा."

ते सगळं तिने एका पाकिटात घातलं आणि पाकीट ओट्यावर विसरली. दीड तास गेल्यावर आठवण झाली. गाडी वळवली असती तर मतदान हुकलं असतं. तेव्हापासून ती दर दोन मिनिटांनी आरशात मागे बघायला लागली.

प्लेनोचा सपाट मुलूख संपला तशी माती लाल झाली. दोन्ही बाजूंना उंच पाइनची झाडं, मध्ये मध्ये कुरणं, गुरं, गंजलेले पत्रे. आदल्या दिवसापासून पाऊस चालू होता, तो नुकता थांबला होता. एका पेट्रोल पंपावर थांबून आम्ही खाल्लं. मी थालीपीठ आणि लसणाची चटणी नेली होती, लोरीनबाईने तळलेली कोंबडी आणि रताळ्याचा पाय (गोड सारण भरलेली जाड पोळी म्हणा). तिने चटणी चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा घेतली. कोंबडीवर मी हात मारला.

तिथेच तिने सांगायला सुरुवात केली. सुनंदा मराठी करून सांगत होती.

"गुलामीवरून उत्तर-दक्षिणेची लढाई चालू असतानाच राष्ट्राध्यक्षाने गुलाम सोडल्याचं जाहीर केलं. टेक्सासला कोण सांगणार? मालक सांगेना. अडीच वर्षांनी उत्तरेची फौज आली तेव्हा कळलं. माझ्या पणजीच्या मालकाने तर त्यानंतरही कापूस वेचून होईपर्यंत तोंड उघडलं नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग पणजोबाने जमीन घेतली आणि मत दिलं. आमचे लोक राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले. ते गोऱ्यांना सोसेना. आधी मारहाण, मग मत द्यायचं तर कर भर म्हणाले. आणि ही आजची जी निवडणूक आहे ना, हिच्यात काळ्याला येऊच द्यायचं नाही असा नियम केला. पक्ष आमचा, आम्ही ठरवू, म्हणाले. इथे एकच पक्ष जिंकायचा. म्हणजे खरं मत तेच."

ती सोळा वर्षांची असताना कोर्टाने तो नियम रद्द केला. तिचे वडील कोट घालून मत द्यायला निघाले, पोरीला गाडीत घेऊन. हमरस्त्यावरच्या पुलाअलीकडे डेप्युटी (जिल्ह्याचा पोलीस) उभा होता. त्याने हात वर केला. परत जा, म्हणाला. बंदूक काढली नाही की शिवी दिली नाही. वडील परत फिरले आणि घरी येऊन कोट खुंटीला लावला.

"तुला कोणी अडवलं होतं कधी?" तिने मला विचारलं.

"मला? आमच्याकडे जीप दारात येते. कुणाला टाकायचं तेही सांगून जाते."

ती खो खो हसली. मग मी म्हणाले, "पण आमच्या गावच्या दलित वस्तीवरच्या लोकांना एकदा अडवलं होतं. आमच्याच माणसांनी."

तिचं हसू थांबलं. "मग त्यांनी काय केलं?"

"पुढच्या खेपेला सगळे एकदम आले."

"हां," ती म्हणाली आणि पायचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

तिच्या गावापासून थोडं अलीकडे रस्ता उताराला लागला आणि समोर पोलिसाची गाडी आडवी दिसली. वर निळे-लाल दिवे फिरत होते. ढेरपोट्या, मिशीवाला एक गोरा डेप्युटी रस्त्याच्या मधोमध उभा. त्याने हात वर केला.

लोरीनबाई ताठ झाली. "डावीकडे घे," ती म्हणाली. "जुना रस्ता आहे. चर्चच्या मागे निघतो."

सुनंदाने का म्हणून विचारलं नाही. झटकन गाडी वळवली. एकीला तिचे वडील दिसत होते, दुसरीला ओट्यावरचं पाकीट. मागे वळून पाहिलं तर तो माणूस दोन्ही हात हलवत आमच्या मागे पळत होता.

"चिडलाय तो," सुनंदा म्हणाली आणि वेग वाढवला.

जुना रस्ता कच्चा. पुढे ओढा. त्यावर पूल नव्हता, नुसता सिमेंटचा पट्टा टाकलेला, गाडीने त्यावरून जायचं. पट्ट्यावर लाल पाणी वाहत होतं. "इथे नेहमीच थोडं असतं," लोरीनबाई म्हणाली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या जतकडे ओढा म्हणजे बैलगाडीची वाट. त्यात पाणी दिसलं तर पोरं नाचतात.

मध्यावर इंजिन बंद पडलं. मग गाडी आपोआप बाजूला सरकायला लागली. रस्त्यावर आहोत असं वाटत होतं आणि रस्ता खाली नव्हताच. पट्ट्यावरून घसरून ती झाडावर आदळली. पायाशी गार पाणी आलं, मग मांडीला.

"आई, सीटबेल्ट काढ! विंडो चालत नाहीये!"

दार उघडेना. आम्ही दोघींनी खांदे लावले. मला पोहता येत नाही, सुनंदाला तरण तलावातलं येतं. लोरीनबाई मान वर करून प्रार्थना म्हणत होती. मला कुठलाच देव आठवला नाही. आपण मेलो तर आपल्याला गावाकडे नेतील की इथेच जाळतील, एवढंच डोक्यात आलं.

तेवढ्यात तो डेप्युटी आला. आपल्या जीपला दोर बांधून, दुसरं टोक कमरेला, छातीभर पाण्यातून. दांडक्याने लोरीनबाईच्या बाजूची काच फोडली आणि हात आत घातला.

ती हात देईना.

"मत द्यायला चाललेय मी!" ती त्याच्यावर ओरडली. त्याला काही कळलं नाही. तो ओरडत होता, सुनंदा ओरडत होती, झाड करकरत होतं. मी मागून तिची पर्स खेचली. सोडेना. मतदाराचं कार्ड त्यात होतं.

"अगं भवाने, दे इकडे! माझ्या गळ्यात राहील! हात दे त्याला!"

मराठीच बोलले. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. बोटं सैल केली. मी पर्सचा पट्टा गळ्यात अडकवला. तिने हात पुढे केला.

तिला काढताना त्याचा खांदा निखळला. त्याचा आवाज मी ऐकला. एका हाताने दोर धरून त्याने तिला काठावर नेलं, मग पुन्हा आला. माझं पातळ पायात गुंतत होतं, ते मी सोडून दिलं. ते वाहत गेलं आणि मी परकरात बाहेर आले. शेवटी सुनंदा. ती काठावर पाय ठेवते न ठेवते तोच झाड मोडलं आणि गाडी गेली.

डेप्युटी चिखलात बसून थरथरत होता. त्याने वायरलेसवर अँब्युलन्स मागवली. सुनंदा त्याला सारखं सांगत होती, "सर, आमचे पेपर्स घरी आहेत, मी आणून दाखवीन." त्याने विचारलं, "मॅम, डोकं आपटलं का?" कागद त्याने मागितलेच नाहीत.

लोरीनबाईचे ओठ निळे पडले होते. ती म्हणाली, "अँब्युलन्सला चर्चपाशी बोलाव. दुसरा पूल आहे, लांबून. तू ने मला."

"मॅम, तुम्हाला दवाखान्यात—"

"आधी चर्च."

मग त्याने मागचं जाळीचं दार उघडलं.

"मी मागे बसणार नाही," ती म्हणाली.

पुढची सीट रिकामी करून दिली त्याने. जाळीच्या मागे मी आणि सुनंदा, एका घोंगडीत. तो एका हाताने गाडी चालवत होता.

"मी तुम्हाला थांबा म्हणत होतो, मॅम."

"तेच तर. थांबा म्हणत होतास."

"पूल पाण्याखाली होता."

"पाटी कुठे होती?"

"पाट्या कमी पडल्या."

"नोव्हेंबरात पुरेशा आण. माझ्या वडलांना फिरवलं तेव्हाही पाटी नव्हती."

सुनंदाने हे मला हळूच सांगितलं. त्या पोलिसाची मान लाल झाली होती.

चर्च म्हणजे एक पांढरी लाकडी खोली आणि पुढे व्हरांडा. मी पर्स तिच्या हातात दिली. डेप्युटी आत गेला नाही, आम्हीही बाहेरच थांबलो, सुनंदा तर पार झाडाखाली जाऊन. दार उघडं होतं. आतली बाई लोरीनबाईची चुलतबहीण निघाली, तरी तिने कार्ड मागितलं. लोरीनबाईने ते चिंब कार्ड टेबलावर आपटलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात "मी मत दिलं" असं लिहिलेली चिकट चिठ्ठी होती. ओल्या स्वेटरवर ती चिकटेना. ती दाबत असतानाच तिचे पाय गेले. व्हरांड्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी आणि त्या पोलिसाने तिला खाली बसवलं. अँब्युलन्स आली.

मे महिन्यात मी गावी परतले. बायका विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस? मी हे सांगते. लढाईत गुलामी मोडली, ते खरं. पण सुटलेल्या माणसाला रस्त्यात उभं करून परत पाठवता येतं, त्याला काही लागत नाही, एक हात वर केला की पुरतं. आणि मग साठ वर्षांनी कोणी खरोखर वाचवायला हात केला, तरी माणूस उलट्या दिशेला पळतं. त्यात मूर्खपणा आमचा होता हे मी मान्य करते, सगळा आमचा होता हे नाही.

पोलिसाचा खांदा बसवला, तो कामावर आहे. लोरीनबाईला न्यूमोनिया झाला, त्यातून उठली. नोव्हेंबरात सुनंदाने तिला पुन्हा नेलं, हमरस्त्याने. सुनंदाला आणि मला काही झालं नाही. त्या ओढ्यात आम्ही चौघं होतो. चौघंही जगलो.