काजळीतला अंगठा

वळसंगच्या धुळा सलगरला मुलगे चार, पण मेंढरू चुकलं की तो हाक मारायचा ती धाकट्या बिरप्पालाच. बिरप्पा वाकून माती बघायचा, लेंडी चिमटीत दाबून बघायचा, वाटेत कुणाची विझलेली चूल दिसली तर राखेत बोटं घालून बघायचा आणि सांगायचा, "सकाळच्याला हितनं गेलीय. मागच्या उजव्या पायानं लंगडतीय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. जेव्हा निघायचं नाही तेव्हाचं गावाच्या लक्षात राहत नसे. गुणी पोराच्या बाबतीत गाव एवढी सूट देतंच.

वळसंगच्या मास्तरांनी धुळाच्या मागे लागून हे पोर मराठी सातवीपर्यंत ओढलं. अक्षर वळणदार, छाती रुंद, म्हणून एकोणीसशे पंचवीस साली तो सोलापुरात पोलिसात शिपाई झाला. ठाण्यात काठी चालवणारे पुष्कळ होते, लेखणी चालवणारे कमी. त्यामुळे वर्षाच्या आतच त्याला वेणीमाधवरावांच्या हाताखाली कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. वेणीमाधवराव म्हणजे तिथले हेडकारकून. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस, पण इंग्रजी उत्तम.

त्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. शिक्षा झालेल्या प्रत्येकाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे, एक कागद पुण्याच्या कचेरीला पाठवायचा आणि दुसरा या कपाटात ठेवायचा. जस्ताच्या पत्र्यावर छापखान्याची शाई, तिच्यावर रूळ फिरवायचा, मग एकेक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर लोळवायचं. पहिल्या दिवशी वेणीमाधवरावांनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघ. एका माणसासारखा दुसऱ्याचा ठसा अजून कुणाला सापडलेला नाही."

बिरप्पाने बघितलं, आणि त्याचं जेवण तसंच राहिलं.

बाळंतिणीच्या खोलीत पोराची बोटं उलटून बायका शंख किती, चक्रं किती ते मोजतात, ते त्याला ठाऊक होतं. पण त्या शंखाच्या रेघा मध्येच फुटतात, दोन होतात, एखादी अर्ध्यात थांबते, एखादी तळ्यासारखी फुगून परत मिटते, हे काही आईने सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्याला प्रश्नांची खोकल्यासारखी उबळ येऊ लागली. जुळ्यांचे ठसे सारखे असतात का? बोट भाजलं तर नव्या कातडीवर तीच रेघ येते का? म्हाताऱ्याची रेघ झिजते तशी विणकराची झिजते का? वेणीमाधवरावांनी कुठूनसं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. दुपारच्या सुट्टीत ते एकेक पान मराठीत सांगायचे आणि बिरप्पा वहीत उतरवून घ्यायचा. जे पुस्तकात नव्हतं ते तो स्वतः करून बघायचा. शेजारच्या पद्मशाली विणकरांचे, हातमागावर बसल्या जागीच, ठसे घेऊन आला. चहावाल्याचे घेतले. सासूचे घेतले, त्याबद्दल सासू वर्षभर बोलली नाही. बायको मायाक्का म्हणायची, "भाकरीवर बी तुमचा आंगठा उमटतोय. माणसानं खावं का नाव वाचावं?"

रोज सकाळी पत्र्यावर शाई सारखी बसली का, हे बघायला तो आधी स्वतःचा डावा अंगठा कागदावर उठवी, तो कागद खिळ्याला टोचून ठेवी आणि मग कामाला लागे. सात वर्षं असं चाललं.

त्याचं कौतुक व्हायला लागलं ते एका गोष्टीमुळे. वेणीमाधवराव रेघा मोजत, फाटे मोजत, पेन्सिलीने खुणा करत. बिरप्पा एकदाच बघे आणि सांगे, "ह्यो गेल्या साली दूध चोरलेल्याचा." कपाट उघडून बघावं तर खरंच. वेणीमाधवराव म्हणत, "अरे, मोजल्याशिवाय बोलू नये." तो म्हणे, "रावसाब, मेंढरं काय दात मोजून वळखतोय का आमी?" आणि फौजदार आबासाहेबांना तर हेच आवडायचं. मोजायला वेळ लागतो, आणि आबासाहेबांना वेळ लागलेला खपत नसे.

एकोणीसशे बत्तीस साली पुण्याहून पत्र आलं की जिल्ह्यातला एक शिपाई ठशांच्या शिक्षणासाठी पाठवावा. सहा महिने शिकायचं, परीक्षा द्यायची, उत्तीर्ण झालं की कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभं राहायचं. बिरप्पाला दुसरं काही सुचेना. आबासाहेब म्हणाले, "तुझंच नाव घालतो. तेवढं एक प्रकरण उजेडात आण, म्हणजे शिफारशीला जोर येईल."

आणि आठवड्याच्या आत कुंभारीच्या महादेवाचा चांदीचा मुखवटा गेला.

सकाळीच बिरप्पा सायकल मारत कुंभारीला पोचला, मागून टांग्यातून आबासाहेब. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी कंदील पडला होता. चोराने तो पेटवला असावा, वात मोठी ठेवली असावी, कारण धूर वरून बाहेर येऊन काच आतबाहेर काजळीने काळी झाली होती. आणि त्या काजळीत, कुणी पुसून काढावा तसा, एक अंगठा स्वच्छ उठला होता. आबासाहेबांच्या मिशा हलल्या. गावकऱ्यांनी नाव आधीच तयार ठेवलं होतं: तिप्पण्णा. तीन वर्षांपूर्वी बकरं चोरलं म्हणून सहा महिने आत जाऊन आलेला, आता सडकेवर खडी फोडणारा. पुजारी म्हणाला तिप्पण्णा, पाटील म्हणाला तिप्पण्णा.

बिरप्पाने काच दोन्ही कडांना धरून उन्हात नेली. एकदाच बघितलं. ठसा ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नाही, रोजच्या बघण्यातला वाटला. त्याने तिप्पण्णाचा कागद स्वतः घेतला होता, डाव्या अंगठ्याला असाच शंख होता.

"त्येचाच हाय," तो म्हणाला.

दुपारी तिप्पण्णा कोठडीत होता. मुखवटा काही सापडला नाही. पण आबासाहेब म्हणाले, अंगठा आहे तर मुखवट्याचं काय अडलंय. दुसऱ्या खेपेची शिक्षा पहिल्यासारखी सहा महिन्यांत भागत नाही. चार वर्षं, पाच वर्षं, न्यायाधीशाच्या मर्जीवर.

त्याची बायको गोजाबाई रोज कुंभारीहून पायी यायची, भाकरीचं फडकं शिपायाच्या हातात द्यायची आणि ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून राहायची. रडणं नाही, ओरडणं नाही. पाचव्या दिवशी तिने बिरप्पाला वाटेत अडवलं.

"दादा, तुमच्या कागदावर काय दिसतंय ते मला दावा की."

बिरप्पाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो खूश झाला. तिला आत नेऊन त्याने कपाटातला कागद आणि काच शेजारी ठेवली, भिंग दिलं आणि शंख कसा वळतो ते हौसेनं समजावून सांगू लागला. तिने बराच वेळ बघितलं.

"ह्या काचंवरचा आंगठा धड हाय," ती म्हणाली.

"मग?"

"त्येचा फुटलाय की. गेल्या दसऱ्याला हातोडा बसला. डावाच. आडवी भेग पडलीय, अजून मिटली न्हाय. तुमी त्येचा हात बगितला न्हाय का?"

नव्हता बघितला. सात वर्षं बोटांत घालवलेल्या माणसाने ज्याला आत टाकलं त्याचं बोटच बघितलं नव्हतं. जुना कागद बघितला होता. बिरप्पा कोठडीकडे गेला. तिप्पण्णाने गजांतून हात बाहेर काढला. अंगठ्याच्या पेरावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरा वण होता. शाई लावून ठसा घेतला, तर मधून पाणंद गेल्यासारखी पट्टी मोकळी आली. मग तो खाली बसला आणि जन्मात पहिल्यांदा वेणीमाधवरावांच्या पद्धतीने रेघा मोजू लागला. शंखाच्या पोटात काचेवर चौदा रेघा. तिप्पण्णाच्या जुन्या कागदावर अकरा.

आता खरं तर त्याला धास्ती वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती. पण तिच्याहून मोठं होतं ते कुतूहल. तिप्पण्णाचा नाही, तर मग ओळखीचा का वाटतो? तो कपाटातले आणि स्वतः जमवलेले कागद एकामागून एक काढत बसला. दोन दिवस गेले. चहावाला नाही, सासू नाही, दूधचोर नाही. डोळे मिटले तरी तो शंख दिसे, आणि नाव मात्र जिभेवर येऊन मागे फिरे.

वेणीमाधवराव म्हणाले, "पुण्याला फोटो पाठवावाच लागेल. चल."

फोटोवाल्याने काचेचा फोटो काढला आणि ओली निगेटिव्ह खिडकीत धरली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं आणि पांढऱ्याचं काळं. काजळीवर बोट टेकलं की रेघांना काजळी चिकटून निघून जाते आणि रेघा पांढऱ्या उरतात. शाईच्या कागदावर मात्र त्या काळ्या असतात. बिरप्पा इतके दिवस उलट्या रंगात बघत होता. खिडकीत तोच अंगठा आता शाईत उठवल्यासारखा काळ्या रेघांत दिसला.

बिरप्पाने स्वतःचा डावा हात वर केला. मग खाली घेतला.

"रावसाब, ह्यो माजा हाय."

वेणीमाधवरावांनी भिंग घेतलं, निगेटिव्हवर आणि त्याच्या अंगठ्यावर पंधरा-पंधरा खुणा मोजल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. "काखेत कळसा," एवढंच ते म्हणाले. म्हण पुरी करायचं त्यांनाही धैर्य झालं नाही.

आठवायला वेळ लागला नाही. त्या सकाळी आबासाहेबांचा टांगा यायच्या आधी, उजव्या हातात वही होती म्हणून डाव्या हाताने, त्याने काच चाचपली होती. ऊब आहे का बघायला. विझून किती वेळ झाला ते कळावं म्हणून, राखेत बोटं घालतात तसं. बापाने शिकवलेलं ते काम हाताने आपल्याआपण केलं आणि मनाला सांगितलंही नाही.

आबासाहेबांपुढे तो उभा राहिला तेव्हा शिफारशीचा कागद टेबलावरच होता, सही होऊन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावून घेतलं.

"कुणाला ठाऊक आहे?"

"वेणीमाधवरावांना."

"ते बोलायचे नाहीत. काच फुटली म्हण. गाव तिप्पण्णाच म्हणतंय, साक्षीदार मिळतील. तू पुण्याला जा. शिकून आलास की असल्या शंभर चोऱ्या पकडशील. एकाच्या पायी शंभर सोडतोस?"

बिरप्पाला हा हिशेब खोटा वाटला नाही, हीच मोठी पंचाईत होती. त्याला पुण्याला जायचंच होतं. तो म्हणाला, "साहेब, मी तितं गेलो आन् त्येंनी इचारलं, पयला ठसा कुणाचा वळखला, तर काय सांगू?"

त्याने वळणदार अक्षरात चूक लिहून दिली आणि खाली, सवयीने, तारीख घातली. आबासाहेबांनी शिफारस फाडली नाही, नुसतं नाव खोडून दुसरं घातलं. बिरप्पाची सहा महिने गस्तीवर बदली झाली. पुण्याला तो गेला, पण चार वर्षांनी, दुसऱ्या फौजदाराच्या कारकिर्दीत. पुढे कोर्टात त्याची एक ख्याती झाली. वकील लोक चिडायचे, कारण दहातल्या चार खेपांना तो "सांगता येत नाही" असं स्वच्छ सांगायचा, आणि मोजल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. कुंभारीचा मुखवटा कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे सगळं पुढचं. अकराव्या दिवशी तिप्पण्णाला सोडलं, तेव्हा त्याला फाटकापर्यंत पोचवायला बिरप्पाच गेला. लिंबाखालून गोजाबाई उठली. बिरप्पाने हात जोडले, "चूक माजी हाय," म्हणाला.

"आता माजा कागद फाडनार का?" तिप्पण्णाने विचारलं.

"न्हाय. तो र्‍हातोय. कायदा हाय तसा."

"म्हंजी गावात फुडं काय बी गेलं, की कपाटातनं पयला मीच निगनार."

ती दोघं कुंभारीच्या वाटेला लागली, तिप्पण्णा पुढे, फडकं घेतलेली गोजाबाई मागे. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग आत येऊन त्याने पत्र्यावर शाई पसरली, नवा कागद घेतला आणि त्यावर दहाही बोटं नीट लोळवून उठवली. नावाच्या जागी लिहिलं, बिरप्पा धुळा सलगर, राहणार वळसंग. कपाट उघडलं. तिप्पण्णाचा कागद शोधला, आणि आपला कागद त्याच्या वर ठेवला.

वेणीमाधवरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे कपाट गुन्हेगारांचं आहे, बिरप्पा."

"व्हय," तो म्हणाला. "काय बी गेलं की आदी मला बगा. मग त्येला."