चन्नव्वाची पहिली गाठ

चन्नव्वाच्या बोटांत कायम अंबाडीची सुतळी असायची. बोलताना, चालताना, कुणाचं ऐकून घेताना तिची बोटं त्या सुतळीला गाठ मारत, नाहीतर मारलेली सोडवत. उमरग्याजवळच्या त्या गावात अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे दोर वळायचे तंतू, विकत घेऊन सोलापूरला पाठवण्याचा तिचा धंदा होता. लिहितावाचता येत नसल्यामुळे कुणाकडून किती यायचं ते सगळं सुतळीवर; आलं की गाठ सोडायची. "कागुद भिजला की गेला, मगळे," ती म्हणायची. मगळे म्हणजे लेकी. तिचं माहेर कानडी मुलखातलं. "गाठ भिजली की आणिक घट्ट होतीय."

माझे वडील निजामाच्या महसूल खात्यात गिरदावर होते. त्यांची बदली त्या गावी झाली, तेव्हा मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच शिकून आले होते. गावातल्या बायका मला मडम म्हणत आणि तोंडाला पदर लावून हसत. मी घरातून फारशी बाहेर पडत नसे. शेजारची चन्नव्वा मात्र दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. मी गप्प राहिले तरी तिचं काही अडायचं नाही. "बोलू नगं, बघत जा," ती म्हणायची. "बघणारं माणूस बी लागतंय गावाला."

त्या हिवाळ्यात ओढा काळा पडला. वाख सुटावा म्हणून अंबाडीच्या पेंढ्या पंधरा-वीस दिवस पाण्यात दडपून कुजवतात. त्या वर्षी पाऊस कमी, धार बारीक, आणि साऱ्या गावाच्या पेंढ्या त्याच पाण्यात. मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. ओढ्याच्या खालच्या अंगाला कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती. त्यांना गावच्या विहिरीवर येऊ देत नसत. ते वाळूत झिरे खणून त्यातलं पाणी पीत. वस्तीतल्या सुंदराबाईची चार वर्षांची मुलगी हगवणीने गेली. आणखी दोन पोरं अंथरुणावर होती.

ओढ्यातला कुजका गाळ कुणी उपसायचा हे ठरवायला गावाची बैठक काठच्या लिंबाखाली भरली. यादी लिहायला चन्नव्वानं मला नेलं होतं. मी तिच्या मागे पाट ओढून खाली मान घालून बसले.

"कातडं त्यांचं, वास त्यांचा," पाटील म्हणाले. "गाळ बी तेच उपसतील. वेठीला लावू."

वेठीला, म्हणजे फुकट. वस्तीची माणसं लांब उभी होती.

चन्नव्वानं सुतळीच्या टोकाला एक गाठ मारली आणि ती वर धरली. "ही माझी. मी वाख घेते म्हणून तुमी अंबाडी कुजवता. आता तुमची सांगा."

"तू लई पुण्यवान, अव्वा! मग सगळं तूच दे की," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"दिलं असतं. पर म्होरल्या साली तुमी परत दडपणार. ज्याची गाठ न्हाय, त्याला घाण दिसत न्हाय."

हशा ओसरला, पण पुढे कुणी येईना. तेव्हा लांबून सुंदराबाई बोलली. "आमच्या कातडी भिजवायच्या कुंडांचं पानी बी वड्यातच जातंय. आमची बी एक गाठ मारा, अव्वा. पर उपसू ते फुकट न्हाय उपसायचो."

चन्नव्वानं मान वर न करता गाठ मारली. तिला ती दोनदा मारावी लागली. तिचा हात चुकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग पाटीलच खाकरले. "लिवा मडम, माज्या चार."

ठरलं ते असं: अंबाडीच्या एका गाडीला एक गाठ, ज्या घराची मोरी ओढ्यात उतरते त्याची एक गाठ. गाठीला पायलीभर जवारी. त्या जवारीतून उपसणाऱ्यांना मजुरी द्यायची आणि पेंढ्या कुजवायला ओढ्यापासून दूर खड्डे खणायचे. लोक सांगत गेले, चन्नव्वा गाठी मारत गेली, मी नावं लिहीत गेले.

शेवटी ती म्हणाली, "वाच आता." मी हळू आवाजात एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावाला तिचं बोट त्याच्या तितक्या गाठी पुढं सरकत होतं. माझी यादी संपली तेव्हा तिच्या अंगठ्याखाली एक गाठ उरली होती.

"ही कुणाची?"

सगळे जमिनीकडे पाहू लागले. आमच्या मागच्या दाराची मोरी सरळ ओढ्यात उतरत होती. हे गावाला माहीत होतं, मलाही. गिरदावराचं नाव घ्यायला कुणी धजलं नव्हतं आणि मी ते लिहिलं नव्हतं. पोर गेलेल्या बाईनं आपली गाठ मागून घेतली होती. चन्नव्वा माझ्याकडे पाहत नव्हती. ती नुसती थांबली होती.

"आमची," मी म्हणाले. चार माणसांत मोठ्याने बोललेला तो माझा पहिला शब्द.

वडील संतापले. "गिरदावरानं वाटा द्यायचा? उद्या लोक डोक्यावर बसतील." ते कचेरीत गेल्यावर आईनं मुकाट्यानं जवारी मापली. ती टोपली कमरेवर घेऊन मी भर दुपारी गावातून चालत गेले. चन्नव्वानं सर्वांदेखत नखानं आमची गाठ सोडवली. "सुटली," एवढंच म्हणाली.

गाळ उपसायला महिना लागला. पुढच्या हिवाळ्यात पेंढ्या खड्ड्यांत कुजत होत्या आणि झिऱ्यांत तळाची वाळू दिसत होती. सुंदराबाई मात्र त्या झिऱ्यावर कधी आली नाही. ती पाणी दुसरीकडून आणायची.

पुढे निजामाचं राज्य गेलं, आम्हीही ते गाव सोडलं. निघताना चन्नव्वानं ती सुतळी माझ्या हातात ठेवली. गाठी सुटलेल्या जागा अजून पिळलेल्या होत्या. टोकाची एक तेवढी घट्ट होती.

"अव्वा, ही तुमची राहिली की. जवारी तर तुम्हीच सर्वांआधी दिली होती."

"वाख अजून घेतेच की मी," ती म्हणाली. "धंदा हाय तवर ही सुटत न्हाय."

गेल्या वर्षी चन्नव्वा गेली. धंदा तिच्याबरोबर संपला. तिचा मुलगा सोलापूरच्या गिरणीत लागला होता. त्याचं पत्र आलं त्या दिवशी मी सुतळी काढून खिडकीपाशी बसले. तिच्या म्हणण्याप्रमाणे आता ती गाठ सोडवायला हरकत नव्हती. बराच वेळ नख लावून पाहिलं. ती इतकी घट्ट बसली आहे की सुतळी तुटेल, गाठ सुटणार नाही.