धरणगावच्या वरातीत फिरलेला पंखा

मंडळी, भूत, चकवा, झपाटणं... या खात्यात माझा जीव कधीच रमला नाही. जळगावात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गाडीला बाधा होत नसते, तिचा फ्यूज उडालेला असतो — एवढाच माझा धर्म. लिंबू-मिरची लटकवलेली गाडी दुकानात आली की मिरची मी भाकरीबरोबर खातो आणि लिंबाचं सरबत मालकालाच पाजतो.

आता, मी वाढवून सांगतो हे माझ्या ओळखीच्या लोकांना पाठ आहे. माझ्या गोष्टीत चौकातून निघालेली धामण घरी पोहोचेपर्यंत अजगर होते. पण ही गोष्ट मी चक्क कमी करून सांगतोय. पूर्ण सांगायची मला लाज वाटते, म्हणून.

माझी प्रसिद्धी कशात, तर फोनवरून गाडी ओळखण्यात. गिऱ्हाईक रस्त्यात अडकलं की फोन करतं. मी म्हणतो, बोनेट उघडा, फोन आत धरा. मग मी डोळे मिटतो, आवाज ऐकतो आणि सांगतो — बेल्ट आहे, बेअरिंग आहे, रिले चिकटलाय. यातले निम्मे खरे निघतात. उरलेल्या निम्म्यांच्या गोष्टी मी सांगतच नाही, त्यामुळे नाव टिकून आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा होता. पाळधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हॉल घेतला होता. व्याही चोपड्याचे, केळीवाले, भारदस्त माणसं. ऊन असं की हॉलबाहेरच्या पाण्याच्या जारमध्ये साखर-पत्ती टाकली असती तर चहा तयार! आत आमरस, खापरावरचे मांडे, सनईची रेकॉर्ड, आणि मी.

शिंदखेड्याहून नाना आणि अक्का यायचे होते. नाना माझे मामा. अक्का ही त्यांची आणि माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. थोड्याच दिवसांपूर्वी अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हात नेऊ नका, न्यायचंच झालं तर एसी बंद होता कामा नये. मुलगी म्हणाली होती, "बाबा, आजीला नका बोलवू, आपण नंतर पेढे घेऊन जाऊ." पण मी ऐकतो कोणाचं? "अक्का, तू आल्याशिवाय मी पंगत बसू देणार नाही," असं फोनवर ओरडून सांगितलं. (पंगत बसली होती. लोक भुकेले होते.)

तर व्याह्यांना आग्रह करता करता मी त्यांना माझा एक किस्सा सांगत होतो. गुजरातच्या हद्दीत बंद पडलेला ट्रक मी जळगावात अंघोळ करता करता फोनवरून कसा चालू केला... किस्सा रंगात आलेला, तेवढ्यात नानांचा फोन.

"बापू, मी बेटावदच्या पुढे उभा शे. काटा वर चढी ऱ्हायना रे. गाडी उभी राहयनी का चढस, चालनी का उतरस. पंखा बंद शे का काय?"

वायरिंगवाला कोणीही हे वाचून आत्ता कपाळावर हात मारेल. इंजिनचा काटा चढत चाललाय, उभी राहिली की तापते, चालली की थंड होते — चालताना समोरचा वारा रेडिएटरला लागतो, उभी असताना वारा आणायचं काम पंख्याचं. म्हणजे पंखा बंद! नानांनी निदान माझ्या हातात आयतं आणून दिलं होतं. त्यांना फक्त मी 'हो' म्हणायला हवं होतं.

पण हो म्हटलं तर पुढचं सगळं आलं. त्यांना सावलीत थांबवायचं, दुसरी गाडी पाठवायची, नाहीतर साखरपुड्यातून मीच उठायचं. आणि समोर चोपड्याचे व्याही, पोळीचा घास हातात धरून माझ्याकडे बघतायत.

व्याही म्हणाले, "हं, बापूसाहेब! बघू द्या आम्हालापण तुमची कला."

झालं. मी फोन कानाला लावला. "नाना, एसी लावा, बोनेट उघडा आणि फोन पंख्याजवळ धरा."

मी डोळे मिटले. भुवई उचलली. मान हलवली. मंडळी, त्या हॉलमध्ये सनई वाजत होती, भांडी वाजत होती, कोणाचं तरी पोर रडत होतं. मला शष्प ऐकू येत नव्हतं. पंखा फिरत असता तरी ऐकू आला नसता, बंद असता तरी कळलं नसतं.

तरी मी दणक्यात म्हणालो, "अहो नाना, पंखा मस्त फिरतोय! घुंऽऽ आवाज इथवर येतोय. तुमचा काटाच खोटारडा आहे. अक्काला एसी लावून द्या आणि बिनधास्त या!"

पलीकडून नानांचा आवाज आला, "फिरी ऱ्हायना ना? मंग निघस." फिरतोय म्हटल्यावर ते निघाले, आणि फोन मीच कापला. व्याह्यांनी हात वर करून दाद दिली. "मानलं बुवा!"

मी आमरसाची वाटी पुढे ओढली. पहिला घोट घेतला आणि नानांचे शब्द आठवले. उभी राहिली की चढतो, चालली की उतरतो... माझंच डोकं मला उलटं बोलायला लागलं. मी नानांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. अक्काकडे फोन नसतो. मी वाटी ठेवली, पुन्हा लावला, हॉलबाहेर येऊन लावला, उन्हात उभं राहून लावला.

बायको मागून आली. "अंगठी घालायची वेळ झाली, तुम्ही इथे काय करताय?"

"नानांचा फोन लागत नाही."

"आत्ताच तर बोललात ना? पंखा फिरतोय म्हणालात."

मी तिला खरं सांगू शकलो नाही. अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. त्या फोटोंत मी असा दिसतो, जशी काही माझीच विहीर आटलीय. डोळ्यांपुढे एकच चित्र — अमळनेरच्या पुढचा तो उघडा रस्ता, ना झाड ना टपरी, बोनेटमधून वाफ, आणि मागच्या सीटवर अक्का.

शेवटी पुतण्याची मोटारसायकल ओढली आणि पाळधीकडे सुटलो. देवाला नवस बोललो नाही, कारण सवय नव्हती. नुसतं "अक्का, अक्का" म्हणत गेलो.

पाळधीच्या अलीकडेच नानांची पांढरी गाडी समोरून आली. वाफ नाही, धूर नाही. काचा बंद. मागच्या सीटवर अक्का ठरलेल्या तोऱ्यात, डोक्यावर पदर, मांडीवर कुरडयांचा डबा. नानांनी मला बघून हॉर्न वाजवला. मला रडू आलं, पण ते हेल्मेटच्या आत राहिलं.

हॉलच्या आवारात निंबाखाली गाडी लावली. व्याही आणि चारसहा पाहुणे स्वागताला बाहेर आले.

"नाना, त्रास नाही ना झाला?" मी विचारलं.

"काय ना त्रास? मस्त गार वनूत. धरणगावले वरातमा अडकनूत. पुढे बँड, मांगे ट्रॅक्टर, गाडी हालेच ना. एसी चालू ठेवी. पण काटा जागचा हालना नही. पंखा आपला घुंऽऽ घुंऽऽ... आम्हीन दोन्ही ऐकी ऱ्हायनूत."

अक्का म्हणाली, "बँडपेक्षा बरा वाजत होता." (तिला पाहुण्यांसमोर शुद्ध बोलायची हौस आहे.)

"आणि फोन? तुमचा फोन लागत नव्हता."

"अरे, तो हातमाईन निसटना, बोनेटमा कोठे पडना, दिसना नही. चष्मा गाडीमा व्हता. म्हटलं, बापू काढी."

मी बोनेट उघडलं.

फोन पंख्यात होता. म्हणजे पंख्याचं पातं आणि जाळी यांच्या मधे, पाचरीसारखा ठोकून बसवलेला. काच फुटलेली. पातं एक सूतभर हलायला जागा नव्हती. मी पकडीनं ओढून फोन काढला. म्हटलं, आता तरी फिरेल. बोटानं ढकललं — नाही. दोन्ही हातांनी जोर लावला — नाही. पंख्याची मोटार आतून गंजून घट्ट धरलेली. तिच्या वायरचा प्लग वितळून काळा गोळा झालेला, आणि त्या गोळ्यावर धुळीचा थर. तो काही त्या दिवशीचा नव्हता. बॅटरीवरून डायरेक्ट करंट दिला. हूं की चूं नाही. हा पंखा कित्येक दिवसांपूर्वी मेलेला होता.

तुमच्यातला कोणी म्हणेल, चालत्या गाडीला वारा मिळाला. मान्य! मीही आधी तेच म्हणालो. पण धरणगावची वरात? मेच्या दुपारी, एसी लावून, गाडी एका जागी उभी, पंखा जाम... बँडवाल्याचं एक गाणं संपायच्या आत काटा लाल रेषेला टेकला असता. काटा बिघडला असेल म्हणाल, तर तोही नंतर तपासला. गाडी तिथेच एसी लावून उभी चालू ठेवली. काटा सरसर वर चढला, इतका की मी घाबरून चावी फिरवली. मग हात पोळून घेत रेडिएटर बघितला, पाणी भरलेलं. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा थर्मोस्टॅट दुसऱ्या दिवशी काढून उकळत्या पाण्यात टाकला, तोही बरोबर उघडला. सगळं खरं बोलत होतं. खोटं त्या दिवशी एकच जण बोलला होता.

तिकडे व्याह्यांचा आवाज चढलेला. "अरे, पंखा जाम होता तरी गाडी आणली! बापूसाहेबांनी फोनवरून फिरवला! आमच्यासमोर फिरवला!" पाहुणे माझ्या पाठीवर थापा मारत होते. चोपड्याच्या एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पाया पडायला हात पुढे केला. आणि नाना! नानांची छाती अशी फुगलेली, जणू पंखा त्यांच्याच पोटात बसवलाय. "मन्हा भाचा शे," ते सगळ्यांना सांगत होते.

एरवी एवढं कौतुक मी चाटून-पुसून खाल्लं असतं. पण अक्का गाडीतून उतरताना एका हातानं दार आणि दुसऱ्या हातानं छाती धरून उतरली, टाक्यांवर हात ठेवून, हळूहळू. ते बघितलं आणि तोंडातून निघून गेलं.

"नाना, मी काहीच ऐकलं नव्हतं."

"काय म्हणस?"

"फोनवर मला पंखा ऐकूच आला नाही. व्याह्यांसमोर शान मारायची होती, म्हणून फिरतोय म्हणून सांगितलं. तुम्ही बरोबर होता. पंखा बंद होता. मी तुम्हाला तसंच उन्हात चालवलं."

थापा थांबल्या. व्याही आपल्या चपलांकडे बघायला लागले. माझी मुलगी दारात उभी होती, तिनंही ऐकलं.

नानांनी अक्काकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "हाई कालपरवा मराना दारमाईन परत वनी. अन तू... जेवाले बसेल व्हता?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

अक्का निंबाला टेकून उभी होती. तिनं पाहुण्यांची शुद्ध भाषा सोडली.

"तू ऐका नही, पंखा फिरना नही," ती म्हणाली. "मंग आमले आठलोंग कोन लई वनं?"

मग आम्हाला इथवर कोणी आणलं? मी नानांकडे बघितलं, नानांनी माझ्याकडे. अक्कानं थोडी वाट बघितली, कुरडयांचा डबा माझ्या हातात दिला आणि पदर सावरून नातीकडे गेली.

नवीन मोटार मी स्वतः बसवली, गाडी आता ठीक आहे. अक्काही ठीक आहे. मित्रांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क लढवले. कोणी म्हणालं, दुसराच आवाज असेल, बेल्टचा. मी बेल्ट पाहिला, तो मुका होता. कोणी म्हणालं, मोटार येता येता जाम झाली. मग प्लगवरची धूळ? कोणाकडेच जोडून सांगता येईल असं काही नाही, आणि मी तर सोडूनच दिलं.

पण चोपड्याकडे गोष्ट थांबली नाही. मी सगळ्यांसमोर कबूल केलं ते तिथे 'बापूसाहेबांचा मोठेपणा' म्हणून सांगतात. आता थेट रावेरवरून फोन येतात, "बापूसाहेब, नुसतं 'फिरतोय' म्हणा ना!" मी सांगतो, गाडी घेऊन या, बघून सांगतो. त्यांना वाटतं मी भाव खातोय.

त्या दुपारी तो पंखा कोणी फिरवला, ते तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा. मला एवढंच ठाऊक आहे, की तो मी नव्हतो. मी जेवत होतो.