बाईंचा नसलेला मुलगा

इतकी वर्षे लोटली, तरी त्या बाई ठाण्याच्या पायऱ्या चढून आल्या ती सकाळ माझ्या मनातून गेलेली नाही. ऐंशी सालाच्या मागेपुढे मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात फौजदार होतो. त्या तपासाचे श्रेय मला मिळाले, बक्षीसही मिळाले. ते खरे कोणाचे होते, हे लिहायला मी फार उशीर केला आहे.

बाई साताऱ्याकडच्या, शाळेत शिकवणाऱ्या, वय चाळिशीचे. त्यांच्या आईचे माहेर आमच्या भागातले. आईने लहानपणी पाहिलेल्या देवळांची नावे जन्मभर घेतली. ती वारल्यावर तिच्या सोन्याच्या पाटल्या हातात घालून लेक ती देवळे बघायला आली होती. उतरली होती एका धर्मशाळेत.

मी पहिलाच प्रश्न विचारला, "एकट्या कशाला फिरता?"

"हेच मला इथे प्रत्येकजण विचारतो," बाई म्हणाल्या. "माझी तक्रार तिथूनच सुरू होते."

पहिल्या देवळात एक बैरागी समोर आला आणि आई जाऊन वर्षही झाले नाही, असे त्याने हिंदीतून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या दूरच्या तळ्याकाठच्या देवळात गेल्या. एस.टी.तून उतरून पाहतात तर तोच बैरागी आधीच पायरीवर बसलेला. आईचा जीव तुझ्या हातातल्या सोन्यात अडकला आहे, असे म्हणाला. दर्शन न घेताच त्या परतल्या.

मी त्यांना समजावले. बैरागी असेच बोलतात, दोन देवळांत दिसला म्हणून गुन्हा होत नाही, पुढच्या गाडीने नागपूर गाठा. बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

"माझं बोलणं संपलेलं नाही," त्या म्हणाल्या.

त्या रात्री बाईंनी विचार केला होता की, आपली माहिती याला देतो कोण? आमच्याकडे परक्या माणसाची विचारपूस केल्याशिवाय कोणी राहत नाही. कुठल्या, कोणाकडे आल्या, घरी कोण, हे सगळे चहाच्या टपरीवरही विचारतात. त्यात वाईट काही नसते. म्हणून तिसऱ्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला वेगळे उत्तर दिले. टपरीवाल्याला सांगितले की बहीण चिखल्याला आहे, तिचा नवरा खाणीत कामाला. स्टँडवरच्या कारकुनाला सांगितले की भाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे. धर्मशाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना सांगितले की मी विधवा, एकुलता मुलगा घरी तापाने आजारी आहे.

"आणि बैरागी काय म्हणाला?" मी विचारले.

"काल संध्याकाळी तळ्याच्या देवळात भेटला. म्हणाला, बेटी, बेटा बुखार में तप रहा है. उद्या सोनं लाल कपड्यात बांधून तळ्यात सोड, आणि मागे वळून पाहू नकोस." मग त्या म्हणाल्या, "साहेब, माझं लग्नच झालेलं नाही."

माझ्या मागे उभे असलेले हवालदार हसले, पण लगेच गंभीर झाले. "साहेब, एकोडीची ते सून बी हेच सांगत होती ना."

धान कापणीच्या दिवसांत एकोडी गावची एक सून ठाण्यात आली होती. लेकरू आजारी म्हणून नवस बोलायला त्याच धर्मशाळेत राहिली आणि गळ्यातली सोन्याची पोत तळ्यात सोडून बसली. सासरचे म्हणाले, पोत हिने भावाला दिली. मी तिचे ऐकून घेतले, घरगुती भानगड आहे असे म्हणून गुन्हा नोंदवला नाही आणि तिला परत पाठवले. ती लेकराला घेऊन माहेरी बसली होती. गावात तिला चोर म्हणत होते.

आमच्या ठाण्यात तेव्हा महिला शिपाई नव्हती. सापळ्यात तुम्हाला घालता येणार नाही, असे मी बाईंना सांगितले. "मग त्या एकोडीच्या मुलीचं काय?" एवढेच त्यांनी विचारले. मी हवालदारांना सापळ्याची तयारी करायला सांगितली.

त्याच दुपारी हवालदार धोतर नेसून तळ्यावर गुरे पाजत उभे राहिले. मी पंचांना घेऊन देवळामागे थांबलो. बाईंनी पाटल्या कपड्यात बांधल्या. बैराग्याने गाठोडे मंतरायला हातात घेतले, झोळीला टेकवले आणि परत दिले. बाई पाण्याकडे निघाल्या. आजवर सगळ्या बायका तिथून पुढेच बघत गेल्या होत्या. या बाई दोन पावलांवर थांबल्या, मागे वळल्या आणि शाळेत पोराला कॉपी करताना धरावे तशा आवाजात म्हणाल्या, "झोळीतलं खाली ठेवा."

पाटल्या झोळीत निघाल्या. तळ्यात जाणाऱ्या, तसल्याच दुसऱ्या गाठोड्यात गिट्टी होती. बैरागी शेताच्या धुऱ्यावरून पळाला, पण चिखलात किती पळणार? हवालदारांनी मानगूट धरली तेव्हा त्याची हिमालयातली हिंदी संपली. "मले काहून धरता, साहेब? मले काई मालूम नाही," असे तो ठाण्यापर्यंत म्हणत होता. त्याची सायकल देवळामागे सापडली. एस.टी. वळसा घालून जायची, हा शेतातल्या पांदण रस्त्याने आधीच पोचायचा. त्यातली गूढ विद्या एवढीच.

मावशीला आणले तेव्हा ती ढसाढसा रडली. पोटापाण्यासाठी राबणारी बाई मी, कोणता बैरागी नि काय, असे म्हणत राहिली. तिचे रडणे पाहून माझे शिपाईही विरघळले. मी विचारले, बाईंच्या मुलाच्या आजाराचे तू कोणाला सांगितलेस? कोणालाच नाही, ती म्हणाली, देवाच्या कानावर गेले असेल. मग मी बाईंना आत बोलावले.

"मावशी, मला मुलगा नाही," बाई म्हणाल्या. "तो फक्त तुम्हाला सांगितला होता."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. रडणे थांबले. मग खऱ्याखुऱ्या रागाने म्हणाली, "म्हंजे तुमी माह्याशी खोटं बोलल्या? मी तुमच्या पोरासाठी देवापाशी दिवा लावला होता, बाई."

ठाण्यात कोणालाच हसू आवरले नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. "दिवा लावलात, आणि मग त्याला सांगितलंत," त्या म्हणाल्या. मावशीने मान खाली घातली आणि धर्मशाळेतल्या धानाच्या ढोलीत हात घालायला सांगितले. धानाच्या तळाशी सहा-सात बायकांचे दागिने होते. एकोडीची पोतही होती.

मी चारशे वीसचा गुन्हा दाखल केला. ओळख पटवण्यासाठी एकोडीच्या सुनेला बोलावले. तिचा सासराही बैलांचे खासर जुंपून आला. त्याने पोत हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "चाल बाई, घरी चाल."

"अगोदर सांगा, मामाजी. मी चोर हाव का?"

"नाही."

"इथं नाही. बाहेर सांगा, सगळ्यायले ऐकू जाईल असं."

म्हातारा व्हरांड्यात गेला. तिथे बसलेल्या, उभ्या असलेल्या माणसांपुढे त्याने मोठ्याने सांगितले की आमची सून चोर नाही, चुकलो आम्ही. सुनेने लेकराला खासरात बसवले आणि स्वतः पुढे, सासऱ्याच्या शेजारी बसली. पोत कोर्टाच्या हुकमाने नंतर मिळाली. तिला न्यायचे होते ते ती त्याच दिवशी घेऊन गेली.

तपासाच्या कागदांत मावशीचा सुगावा 'खात्रीलायक बातमीदाराकडून' लागला असे मी लिहिले. बातमीदाराचे नाव लिहीत नाहीत, तो रिवाजच आहे, आणि त्या रिवाजाच्या आड मी लपलो. पुढे नव्या फौजदारांना शिकवताना, प्रत्येक संशयिताला वेगळी बातमी द्या आणि कोणती फिरून येते ते बघा, हे मी माझी युक्ती म्हणून सांगत आलो. पोरे तिला माझ्याच नावाने ओळखत. ती युक्ती त्या बाईंची होती. एक सुधारणा मात्र मी खरोखर माझ्यात केली. त्यानंतर ठाण्यात आलेल्या कोणत्याही बाईला 'एकट्या कशाला' असे मी विचारले नाही. 'काय पाहिलंत' एवढेच विचारत गेलो, आणि बायकांनी किती नेमके पाहिलेले असते ते तेव्हा कळले.

बाईंनी राहिलेली सगळी देवळे पाहिली; तोवर कोर्टाने त्यांच्या पाटल्याही परत दिल्या. शेवटी नागपूरच्या गाडीत बसवायला मी स्वतः स्टँडवर गेलो. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारले, "एकट्याच काय, बाई?"

बाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिले. आईच्या पाटल्या मागे सारल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या, "मुलगा आहे ना बरोबर. आत्ताच तापातून उठलाय."

कंडक्टर शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला, आणि गाडी सुटली.